निकाह, चर्च की रजिस्टर?

मुस्लिम आणि कॅथलिक जोडप्यांचा संसार : अडचणी आणि वाटा

१९९८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास आमच्या कुर्ल्याच्या चाळीत चार खोल्या पलीकडे राहणारा तरुण दारात येऊन उभा राहिला. गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. आत ये म्हटले तरी येईना. शेवटी आमच्या मिस्टरांना म्हणाला, "भाऊ, उद्या सुट्टी काढाल का? सही करायला यायचं आहे. साक्षीदार तीन लागतात. माझा एक दोस्त आहे, तिच्या हॉस्पिटलातली एक मैत्रीण आहे. तिसरं कुणी नाही."

तो कोकणी मुसलमान, घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. ती वसईकडची कॅथलिक, नर्सची नोकरी करणारी. त्याच्या घरी कोकणी वळणाची मराठी, तिच्या घरी वसईची बोली. दोघांना एकमेकांचे बोलणे कळायला कधी अडचण आली नाही. अडचण आली ती दोघांच्या घरांना. त्याचे वडील म्हणत होते, मुलीने कलमा पढावा. तिची आई म्हणत होती, मुलाने बाप्तिस्मा घ्यावा. आणि या दोघांचे म्हणणे एकच होते : आम्ही आहोत तसेच राहू आणि लग्न करू.

दुसऱ्या दिवशी आमचे मिस्टर गेले. सही करून आले. घरी आल्यावर म्हणाले, "दोघांच्या घरचं एक माणूस आलं नाही गं. मला त्या पोरीच्या बापाच्या जागी उभं असल्यासारखं वाटलं."

त्या लग्नाला पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. संसार टिकला, दोन मुले शिकली. परंतु तो आपोआप टिकला नाही. काय काय सोसावे लागले, कुठे चुकले आणि कोणती वाट सापडली, हे त्या दोघांनी मला मोकळेपणाने सांगितले. नावे छापायची नाहीत, एवढीच त्यांची अट. त्यांच्या अनुभवाला धरून कायदा काय म्हणतो, दोन्ही धर्म काय म्हणतात, हे वाचकांसमोर ठेवत आहे. मुंबई, वसई, मीरा रोड, गोवा अशा ठिकाणी मुसलमान आणि कॅथलिक वस्त्या एकमेकांना लागून आहेत. एका कारखान्यात, एका दवाखान्यात, एका लोकलमध्ये तरुण मुले-मुली भेटतात. तेव्हा असे विवाह होणारच. प्रश्न आहे तो ते डोळे उघडे ठेवून होतात की नाही, हा.

दोन धर्मांचे म्हणणे काय?

पुष्कळांची समजूत असते की दोन्ही धर्म अशा लग्नाला सरसकट नाही म्हणतात. तसे नाही. दोन्हीकडे दार थोडे उघडे आहे. पण दोन्ही दारे एकमेकांसमोर उघडत नाहीत, ही खरी अडचण आहे.

इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. दोघांची कबुली, साक्षीदार आणि नवऱ्याने बायकोला द्यायची मेहर, हे त्याचे मुख्य भाग. कुराणाच्या पाचव्या सुरेच्या आधारे मुसलमान पुरुषाला ख्रिस्ती किंवा यहुदी स्त्रीशी, म्हणजे 'किताबी' स्त्रीशी, तिचा धर्म कायम ठेवून निकाह लावता येतो. म्हणजे मुलीने कलमा पढलाच पाहिजे असे शास्त्र सांगत नाही. तो आग्रह बहुतेक वेळा घराण्याचा असतो. मात्र उलट बाजू कडक आहे. मुलगी मुसलमान आणि मुलगा कॅथलिक असेल तर परंपरेने चालत आलेले धर्मशास्त्र त्या लग्नाला मान्यता देत नाही. ट्युनिशिया या मुस्लिम देशाने अशा लग्नांवरची १९७३ पासूनची सरकारी बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली. आपल्याकडे मात्र अशा जोडप्याला निकाहाची वाट मुलाने धर्म बदलल्याशिवाय मिळत नाही. म्हणून या जोडप्यांना विरोधही अधिक सोसावा लागतो.

कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या माणसाशी लग्न करायचे तर बिशपांच्या कार्यालयाकडून खास सूट घ्यावी लागते. ती नसेल तर चर्चच्या दृष्टीने ते लग्न वैध नाही. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे सूट मिळण्यासाठी कॅथलिक बाजूने दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, मी माझा विश्वास सोडणार नाही. दुसरी, मुलांचा बाप्तिस्मा व्हावा आणि ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मी माझ्याकडून होईल ते सर्व करीन. दुसऱ्या बाजूला या वचनाची कल्पना द्यायची असते. त्याने तसे वचन द्यावे, अशी सक्ती आता नाही. पूर्वी दोघांकडूनही हमी घेत असत. मार्च १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी हा नियम बदलला. तरीही चर्च अशा लग्नांबाबत सावध आहे. २००४ साली व्हॅटिकनने स्थलांतरितांविषयी जे मार्गदर्शन काढले, त्यात कॅथलिक आणि मुस्लिम यांच्या विवाहाला उत्तेजन देऊ नये, असेच म्हटले होते.

आता पाहा. बापाचा धर्म तो मुलांचा धर्म, असे मुसलमान घर धरून चालते. मुलांना कॅथलिक करण्याचे वचन आईने चर्चमध्ये दिलेले असते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. भांडण पाळण्यापाशी सुरू होते.

१८७२ ते १९५४

इंग्रजांच्या काळात, १८७२ साली, दोन कायदे झाले. एक भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. वधू-वरांपैकी एक जण जरी ख्रिस्ती असला तरी या कायद्याखाली लग्न लागू शकते आणि तो कायदा पुढेही चालत आला. दुसरा विशेष विवाह कायदा. त्याखाली लग्न करायचे तर 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, बौद्ध नाही' असे लिहून द्यावे लागे. म्हणजे लग्नासाठी आपला धर्म नाकारायचा! १९२३ साली दुरुस्ती होऊन हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसांत लग्न करताना ही अट राहिली नाही. मुसलमान आणि ख्रिस्ती मात्र तसेच अडकून राहिले.

ही बेडी स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तोडली. १ जानेवारी १९५५ पासून तो लागू झाला. या कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती कोणत्याही धर्माच्या व्यक्तीशी, धर्म न बदलता आणि धर्म न नाकारता, लग्न करू शकते. आमच्या चाळीतल्या त्या दोघांनी हीच वाट धरली.

त्या वाटेवर काटे नाहीत असे नाही. मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य केलेले हवे. मग नोटीस द्यायची. ती नोटीस कचेरीच्या फळ्यावर ३० दिवस लागते. कुणाचे कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची प्रत त्या जिल्ह्याच्या कचेरीतही लावली जाते. इथेच या दोघांचा घात होता होता राहिला. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. ठाण्याच्या फळ्यावरची नोटीस गावच्या कुणीतरी वाचली आणि तिसऱ्या दिवशी तिचे दोन भाऊ हॉस्पिटलच्या फाटकावर येऊन उभे राहिले. ती महिनाभर मैत्रिणीच्या घरी राहिली.

भावांनी कचेरीत हरकतही घेतली. पण कायद्यात हरकतीची कारणे मोजकी आहेत : आधीचा नवरा किंवा बायको हयात असणे, वय कमी असणे, संमती देण्याची मानसिक अवस्था नसणे, जवळचे निषिद्ध नाते असणे. 'धर्म वेगळा आहे' आणि 'आम्हाला पसंत नाही' ही कारणे त्यात बसत नाहीत. हरकत फेटाळली गेली. घरी नोटीस पाठवावी, असेही कायद्यात कुठे लिहिलेले नाही. हे जोडप्यांनी माहीत करून घ्यावे. मुदत संपल्यावर मात्र आळस करू नये. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

मागे राहिलेल्या बाईचे काय?

'सही कुठेही करा, संसार तर तोच,' असे तरुण म्हणतात. कोणत्या कायद्याखाली लग्न झाले याने काय फरक पडतो, ते मी एका दुसऱ्या बाईच्या उदाहरणाने सांगते.

ही बाई माझ्या ओळखीची. कॅथलिक. तिने टॅक्सीचालकाशी निकाह केला आणि धर्म बदलला नाही. नवरा भला माणूस होता. दर रविवारी स्वतः तिला चर्चच्या फाटकापर्यंत सोडत असे. मूलबाळ झाले नाही. २०११ साली तो हृदयविकाराने अचानक गेला. टॅक्सी त्याच्या नावावर, मुंब्र्याची मालकीची खोली त्याच्या नावावर. चाळिसाव्यानंतर दीर आले आणि म्हणाले, "भाभी, तुमचा यात हिस्सा नाही."

ती रडत माझ्याकडे आली. मला वाटले, दीर दमदाटी करत आहेत. वकिलाकडे गेलो तेव्हा कळले, कायद्याने ते खोटे बोलत नव्हते. मुस्लिम वारसा कायद्यात बिगरमुस्लिम व्यक्ती मुसलमानाची वारस होत नाही. ती मुसलमान असती तर मूल नसल्यामुळे चौथा हिस्सा मिळाला असता. मूल असते तर आठवा. ख्रिस्ती राहिली म्हणून शून्य. तिच्या हक्काची एकच गोष्ट उरली, ती म्हणजे मेहर. मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज असते आणि वाटणीच्या आधी फेडावे लागते. पण निकाहनाम्यात रक्कम किती लिहिलेली होती? तेवढ्यात सहा महिन्यांचे वीजबिलही भागले नसते.

नवऱ्याने हयातीत चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर? मुस्लिम कायद्यात जो वारस नाही त्याला मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत मालमत्ता देता येते. हयातीत ताबा देऊन बक्षीस म्हणून खोलीही देता आली असती. त्याने काहीच केले नाही, कारण कुणी सांगितलेच नाही. पुढे जमातीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी करून दिरांकडून तिला काही रक्कम मिळवून दिली. ती मिळाली ती माणुसकीने; हक्काने नव्हे.

चर्चमध्ये लग्न झाले असते तरी नवऱ्याच्या मालमत्तेला मुस्लिम कायदाच लागला असता. ती आधी गेली असती तर मात्र ख्रिस्ती स्त्री म्हणून तिच्या मालमत्तेत भारतीय वारसा कायद्याने नवऱ्याला वाटा मिळाला असता. म्हणजे तिच्या मागे त्याला आहे, त्याच्या मागे तिला नाही.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले तर हे चित्र पालटते. मग दोघांच्याही मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना सारखे. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मुले नसतील आणि नवऱ्याचे रक्ताचे नातेवाईक असतील तर पत्नीला निम्मे. पतीलाही तसाच हक्क. शिवाय आपली सगळी मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देता येते. या लग्नात दुसरी बायको करता येत नाही. केली तर तो गुन्हा ठरतो. मुलीच्या आईवडिलांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

ज्यांचा निकाह किंवा चर्चमधला विवाह आधीच झाला आहे त्यांनी हताश होऊ नये. त्याच कायद्याच्या १५ व्या कलमाखाली झालेल्या लग्नाची नोंदणी नंतरही करता येते. त्या वेळी दोघांचेही वय २१ पूर्ण हवे आणि इथेही ३० दिवसांची जाहीर नोटीस असते. नोंदणी झाली की ते लग्न या कायद्याखालचे समजले जाते.

भाड्याच्या किंवा पागडीच्या खोलीचा नियम वेगळा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीकडे भाडेकरूचा हक्क येतो. तिथे धर्म विचारला जात नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता सर्व धर्मांना लागू आहे. लग्नाची सरकारी नोंद तिथे सक्तीची आहे आणि वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी समजतात.

पाळण्यापाशी

आता पुन्हा आमच्या शेजाऱ्यांकडे वळू. २००० साली त्यांना मुलगी झाली. तोवर दोन वर्षे न बोलणारे सासरे नातीला बघायला प्रसूतिगृहात आले. बाळाच्या उजव्या कानाशी वाकून त्यांनी अजान म्हटली आणि डोळे पुसत निघून गेले. सुनेला वाटले, आपल्याला न विचारता हे झाले. आठ दिवसांनी तिची आई आली, ती बाप्तिस्म्याची तारीख विचारत. आता नवऱ्याला वाटले, आपल्याला न विचारता हे ठरले. "तेव्हा आम्ही आयुष्यात पहिल्यांदा धर्मावरून भांडलो," ती म्हणाली. "लग्नाआधी दोन वर्षं आम्ही पिक्चर बघितले, चौपाटीवर बसलो, सगळं बोललो. मुलांचं बोललो नाही. वाटलं, तेव्हाचं तेव्हा बघू."

तेव्हाचे तेव्हा बघणे, हीच या जोडप्यांची सर्वांत मोठी चूक असते. नाव काय ठेवायचे? मुलाची सुंता करायची की नाही? बाप्तिस्मा करायचा की नाही? रविवारच्या धर्मशिक्षणाला पाठवायचे की मदरशात? शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात काय लिहायचे? यातला एकही प्रश्न वाट पाहत थांबत नाही.

नावाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. दोन्ही परंपरांत कितीतरी नावे सारखी आहेत. सारा दोन्हीकडे चालते. मेरीची मरियम होते, जोसेफचा युसूफ, इलायजाचा इलियास. येशूची आई मरियम हिच्या नावाची एक संपूर्ण सुरा कुराणात आहे, हे पुष्कळ ख्रिस्ती शेजाऱ्यांना ठाऊक नसते. येशूला मुसलमान ईसा म्हणून पैगंबर मानतात. देवपुत्र मानत नाहीत. अंतर आहे, पण ओळखच नाही असे नाही.

सुंता आणि बाप्तिस्मा यांवर असा मधला मार्ग निघत नाही. या दोघांनी काय केले? मुलीचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी मुलगा झाला, त्याची सुंता झाली. दोघांनाही चर्च दाखवले, दोघांनाही ईदगाह दाखवली. "दोन्ही घरांना अर्धं अर्धं समाधान मिळालं, म्हणजे कुणालाच मिळालं नाही," तो हसून म्हणाला. मुलगी आता कमावती आहे. तिला मी विचारले, तुला स्वतःला काय वाटते? ती म्हणाली, "लहानपणी शाळेत विचारायचे, तू नक्की कोण? तेव्हा राग यायचा. आईबाबांचा नाही, विचारणाऱ्यांचा." शाळेच्या अर्जाबद्दल एक माहिती द्यायला हवी. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये असा निर्णय दिला आहे की कोणत्याही अर्जात धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि कुठलाच धर्म नाही असे सांगण्याचाही नागरिकाला अधिकार आहे.

ताट, उपास आणि सणवार

बाहेरच्यांना वाटते, भांडणे मोठ्या तत्त्वांवरून होतात. रोजची भांडणे ताटावरून होतात. तिच्या माहेरी नाताळला आणि लग्नाकार्याला डुकराचे मटण आणि वाइन नसेल तर पाहुण्यांना जेवल्यासारखे वाटत नाही. त्याला दोन्ही निषिद्ध. भाऊ बोलू लागल्यावर पहिल्या नाताळला दोघे वसईला गेले, तेव्हा त्याच्यासाठी वेगळे भांडे ठेवले नव्हते. तो नुसता पाव-केक खाऊन उठला. पुढच्या वर्षी सासूने स्वतः कोंबडीचा रस्सा वेगळ्या पातेल्यात केला आणि पातेल्यावर झाकण ठेवून सांगितले, "यात कुणी चमचा घालायचा नाही, हे जावयाचं." त्या एका पातेल्याने जे केले ते दहा बैठकांनी झाले नसते.

उपासाची गंमत अशी, की चंद्राच्या पंचांगामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि कधी ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाला येऊन मिळतो. २०२५ साली २ मार्चला रोजे सुरू झाले आणि ५ मार्चला राखेचा बुधवार आला. त्या महिन्यात या घरात तो पहाटे सहेरीला उठे, तिने मांसाहार सोडलेला. "त्या चाळीस दिवसांत आमच्या घरात भांडण नाही," ती म्हणाली. "भांडायला ताकदच नव्हती."

माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक रांग लावतात आणि तिथून जवळच मखदूम अली माहीमी यांचा दर्गा आहे. ही दोघे अनेकदा एकाच फेरीत दोन्हीकडे जाऊन येतात. ज्या शहरात देवळा-दर्ग्यांना शेजार जमतो तिथे माणसांना का जमू नये?

चर्चच्या शेवटच्या बाकावर

एक दुःख मात्र तिने फार उशिरा बोलून दाखवले. फक्त रजिस्टर लग्न केल्यामुळे चर्चच्या नजरेत तिचे लग्न झालेलेच नव्हते. त्यामुळे मिस्साला गेली तरी तिला ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. सगळे रांगेने पुढे जात आणि ही शेवटच्या बाकावर बसून राही. सहा वर्षे असे चालले. नवऱ्याला वाटे, ही आपल्यामुळे रडते. तिला वाटे, सांगितले तर तो दुखावेल.

२००४ साली एका वयस्क फादरनी तिला बाजूला घेऊन विचारले आणि सांगितले की ही गाठ सुटू शकते. बिशपांची सूट घेऊन असे लग्न चर्चमध्ये मागाहून वैध करून घेता येते. त्यासाठी नवऱ्याला धर्म बदलावा लागत नाही. कागद झाले, सूट आली. त्या संध्याकाळी चर्चमध्ये जेमतेम आठ माणसे होती. त्यांत तिची आई होती. तो शांतपणे उभा राहिला आणि नंतर मशिदीत जाऊन नमाज पढून आला. अशा बायका अजूनही अनेक चर्चच्या शेवटच्या बाकांवर बसलेल्या असतील. त्यांना एवढे तरी कळावे की विचारण्यात कमीपणा नाही.

बाहेरचे दडपण

घरचे एक वेळ निवळतात. बाहेरचे निवळतीलच असे नाही. अलीकडे भिन्नधर्मीय लग्न म्हटले की संशयाने पाहण्याची रीत वाढली आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये अशा विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. उद्देश मुलींना आधार देण्याचा सांगितला गेला; पण आपली नावे कुणाकडे जातील या धास्तीने अनेक जोडपी बिचकली. अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे लक्षात ठेवावे. २००६ साली लता सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले की सज्ञान व्यक्ती आपल्या पसंतीने लग्न करू शकते आणि आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्याला त्रास होणार नाही हे पाहणे पोलिसांचे काम आहे. २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात जिल्ह्याजिल्ह्यांत अशा जोडप्यांसाठी खास कक्ष उभारण्याचे आदेश दिले. भीती असेल तर नोटीस देण्याआधीच पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

आधी बोलायच्या चार गोष्टी

त्या दोघांना मी विचारले, आज कुणी तरुण जोडपे तुमच्याकडे आले तर काय सांगाल? त्यांनी सांगितले ते इथे देते.

पहिली : लग्न कोणत्या पद्धतीने करायचे? धार्मिक विधी हवा असेल तर जरूर करा, पण विशेष विवाह कायद्याखाली नोंद झाल्याशिवाय राहू नका.

दुसरी : मुलांचे काय? नाव, बाप्तिस्मा, सुंता, शिक्षण, सगळे मुलांच्या जन्माआधी ठरवा. चर्चमध्ये वचन द्यायचे असेल तर त्याचा अर्थ जोडीदाराला आधी समजावून सांगा. लपवलेले वचन हे खोट्या वचनापेक्षा वाईट.

तिसरी : मालमत्ता. मृत्युपत्र करायला श्रीमंत असावे लागत नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते होते. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. केली तर उत्तम.

चौथी : शेवट. हे बोलायला कुणाला आवडत नाही. दोन्ही धर्मांत माणसाला मातीत ठेवतात, पण कब्रस्तान वेगळे आणि ख्रिस्ती दफनभूमी वेगळी. कोणाला कुठे ठेवायचे, हे घरच्यांना आधी सांगितले नाही तर मृतदेहावरून भांडणे होतात. या दोघांनी ठरवले आहे : तो इथल्या कब्रस्तानात, ती वसईला आईशेजारी. हे सांगताना ती एकदाच थांबली. म्हणाली, "दहा बाय बाराच्या खोलीत इतकी वर्षं काढली वहिनी, आणि शेवटी दोघं दोन गावांत." तो म्हणाला, "पोरं दोन्हीकडे येतील ना. बस."

मागच्या वर्षी दोघांनी आपली मृत्युपत्रे केली. साक्षीला पुन्हा आमचे मिस्टर गेले. आता हात थरथरतो, सही पूर्वीसारखी येत नाही. पण या वेळी दुसरी सही कुणाची होती माहीत आहे? हॉस्पिटलच्या फाटकावर उभ्या राहिलेल्या त्या दोन भावांपैकी धाकट्याची.

वाचकहो, आपल्या चाळीत, आपल्या कारखान्यात अशी मुले-मुली असतात. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात, आडवे येणारे त्याहून जास्त. कायद्याला मात्र फक्त तीन साक्षीदार हवे असतात. उद्या रात्री असे कुणी आपल्या दारात येऊन उभे राहिले आणि आत ये म्हटले तरी येईना, तर त्याला आत घ्या. दोघे सज्ञान आहेत ना, दोघांची खुशी आहे ना, एवढे नीट विचारा. आणि सकाळी एक दिवसाची सुट्टी टाका.